फिनाईल, फॉस्जीन आणि स्फुरद

चिमूर तालुक्यात हल्ली गोठ्यावर, राइस मिलवर, दुकानापुढच्या शेडवर टिनाच्या पत्र्यांच्या रांगेत मध्येच एखादा दुधी नाहीतर निळसर पत्रा बसवलेला दिसतो. आत उजेड यावा म्हणून तो घालतात. दुकानात त्याला सरसकट ‘फायबरचा पत्रा’ म्हणतात. त्यांतले काही खरोखरच काचतंतूंचे असतात. पण जे वाकवले तरी तडकत नाहीत आणि गारपिटीलाही दाद देत नाहीत, ते बहुधा पॉलिकार्बोनेटचे. हेल्मेटची पुढची काच, मोटारीच्या दिव्याचे झाकण, सीडी, चष्म्याचे न फुटणारे भिंग ही सगळी त्याच प्लॅस्टिकची रूपे.

वस्तू कारखान्यातली असली तरी तिचे नाव या जंगलाला परके नाही. संस्कृत ‘पत्र’ म्हणजे पान. धातू ठोकून ठोकून पानासारखा पातळ केला की तो पत्रा. त्याच पत्राचा पत्ता झाला, आणि तेंदूपत्त्याचा हंगाम आला की आमच्याकडची गावेच्या गावे पहाटे जंगलात असतात. पळसाच्या पानांची पत्रावळ त्याच मुळातली. प्लॅस्टिकच्या पिशवीला वैदर्भी माणूस ‘पन्नी’ म्हणतो. ती ‘पर्णा’च्या घरातली. आधी पन्नी म्हणजे चकाकणारा पातळ वर्ख, पुढे कुठलाही पातळ पापुद्रा, आणि आता दुकानातली पिशवी. नवी वस्तू दारात आली की भाषा आधी आपल्या अंगणात तिच्यासारखे काय आहे ते पाहते, असे मला या शब्दांवरून नेहमी वाटत आले आहे.

‘पॉलिकार्बोनेट’ या नावाला मात्र कोणी हात लावला नाही. ते जसे आले तसेच राहिले. म्हणून ते जरा उकलून पाहू. ‘पॉली’ हे ग्रीक, अर्थ पुष्कळ. त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ ‘पुरु’. उर्वशीच्या कथेतला पुरूरवा म्हणजे पुष्कळ रव करणारा; त्या पुरूत आणि या पॉलीत फरक आहे तो फक्त प्रवासाचा. पुढचा ‘कार्बो’ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ कोळसा. खाणीतला नव्हे, भट्टी लावून केलेला लाकडी कोळसा. लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ साली रसायनशास्त्राची सगळी नावे नव्याने बांधली, तेव्हा कोळशातल्या मूलतत्त्वाला त्यांनी फ्रेंचमध्ये ‘कार्बोन’ म्हटले. इंग्रजीने त्याचे कार्बन केले.

कोळसा म्हटले की चंद्रपूर जिल्ह्याला वेगळी ओळख लागत नाही. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती; बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर ही नावे आज कोळशाशिवाय उच्चारता येत नाहीत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या एका वनपरिक्षेत्राचे नावच कोळसा आहे. इंग्रजी ‘कोल’ आणि आपला ‘कोळसा’ कानाला सख्खे वाटतात, पण ध्वनी जुळला म्हणजे सोयरीक जुळली असे होत नाही. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ धगधगता निखारा, आणि त्याचे गणगोत जर्मन-डच बाजूला आहे. आपल्या कोळशाचा खरा भाऊबंद गुजराती ‘कोलसो’. निखाऱ्यासाठी संस्कृतात ‘अंगार’ होता. प्राकृतात त्याचा ‘इंगाल’ झाला आणि मराठीत ‘इंगळ’. चुलीत फुललेला तो इंगळ, विझून काळा पडला की कोळसा: एकाच वस्तूच्या दोन अवस्थांना मराठीने दोन वेगवेगळ्या घराण्यांतली नावे दिली.

कार्बनला मराठीत एक नाव मिळाले होते आणि ते चांगले रुळलेही: कर्ब. १९२०च्या दशकातला केतकरांचा ज्ञानकोश, ज्याची पहिली जुळवाजुळव नागपुरात झाली, किंवा त्या काळातली रसायनाची मराठी पुस्तके उघडली की हे सगळे कुटुंब भेटते. हायड्रोजन म्हणजे उज्ज, ऑक्सिजन म्हणजे प्राण, नायट्रोजन म्हणजे नत्र. सैंधवावरून सोडियमचा सिंधु, खडूच्या ‘खटिके’वरून कॅल्शियमचा खट, तुरटीच्या ‘स्फटिके’वरून ॲल्युमिनियमचा स्फट. संयुगांच्या शेपट्याही ठरलेल्या: ‘आइड’ असेल तिथे ‘इद’, ‘एट’ असेल तिथे ‘इत’. म्हणून कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खटकर्बित. या हिशेबाने पॉलिकार्बोनेटला ‘बहुकर्बित’ म्हणायला काही हरकत नव्हती. पण हे प्लॅस्टिक जन्मले १९५३ साली. जर्मनीत बायर कंपनीत हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना जवळजवळ एकाच वेळी ते बनवले. तोवर मराठीतली ही शब्दटांकसाळ थंडावली होती.

टांकसाळ थंडावली तरी तिची तीन नाणी अजून चालतात, आणि ती कुठे चालतात ते पाहण्यासारखे आहे. चिमूरच्या कुठल्याही कृषी केंद्रात जा. धानाला किंवा सोयाबीनला काय टाकायचे हा प्रश्न निघाला की दुकानदार आणि शेतकरी दोघांच्या तोंडी येते: नत्र, स्फुरद, पालाश. उज्ज गेला, सिंधु गेला, खट गेला. ही तिन्ही मात्र राहिली, कारण ती खताच्या पोत्याबरोबर बांधापर्यंत पोचली. ‘सेंद्रिय कर्ब’ही माती परीक्षणाच्या कागदावरून आता बोलण्यात आला आहे. शब्दाला जगायला विद्वानाची शिफारस पुरत नाही, त्याला रोजचे काम लागते.

या तिघांतला पालाश आमचाच. इंग्रजीत ‘पॉटॅश’ म्हणजे मडक्यातली राख. मराठीत शब्द घडवणाऱ्याने तो ध्वनी ऐकला, त्याच्या जवळचा पलाश, म्हणजे पळस, हाताशी होता, आणि पळसाच्या राखेपासून क्षार काढायची रीत आयुर्वेदाला जुनी माहीत होती. ध्वनीही जुळला, वस्तूही जुळली. असा योग शब्दकर्त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. झाडीबोलीत ळ नाही, त्या जागी र येतो, म्हणून आमच्याकडे डोळ्याचा ‘डोरा’ आणि पळसाचा ‘परस’. पण खताच्या पोत्यावरचा पालाश मात्र पालाशच राहतो. तो शेतात पडतो त्याच वेळी बांधावरचा परस फुललेला असू शकतो, आणि दोन्ही नावे एकाच झाडाची.

स्फुरदाची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. फॉस्फरस हा ग्रीक ‘फॉस’ आणि ‘फोरोस’ यांचा जोडशब्द: उजेड वाहणारा. १६६९ साली हांबुर्गच्या हेनिग ब्रांटला तो मिळाला तेव्हा अंधारात आपोआप चमकत होता. ग्रीकांचा ‘फ’ आपल्याकडे ‘भ’ असतो. त्यांचा ‘फ्राटेर’ आपला भ्राता. त्या न्यायाने ‘फॉस’ म्हणजे आपली ‘भा’ धातू, जिच्यातून प्रभा, आभा, भानू, भास्कर निघाले, आणि ‘फोरोस’ म्हणजे भार, भरण यांतला ‘भर’. मराठी नामकर्त्याने या जुन्या नात्याचा आधार घेतला नाही. त्याने ध्वनी सोडला आणि अर्थ धरला. ‘स्फुर्’ म्हणजे लखलखणे, थरथरणे. त्याला ‘द’ जोडला. लखलखाट देणारा तो स्फुरद.

आता पॉलिकार्बोनेटच्या कारखान्यात शिरू, कारण तिथे हाच ‘फॉस’ पुन्हा भेटतो आणि फार वेगळ्या रूपात. या प्लॅस्टिकची रूढ रीत अशी: बिस्फिनॉल-ए नावाचा पदार्थ कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवायचा, शेजारी डायक्लोरोमिथेन हा द्रावक ठेवायचा, आणि त्यात फॉस्जीन वायू सोडायचा. पाणी आणि द्रावक एकमेकांत मिसळत नाहीत. ते जिथे भेटतात त्या सीमेवर साखळी वाढत जाते. फॉस्जीन या नावातही उजेड आहे. १८१२ साली जॉन डेव्हीने, म्हणजे प्रसिद्ध हम्फ्री डेव्हीच्या धाकट्या भावाने, कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन एकत्र करून उन्हात ठेवले आणि हा वायू मिळवला. उन्हाने जन्मला म्हणून फॉस-जीन. ‘जीन’ म्हणजे आपला ‘जन्’. भा आणि जन्, दोन्ही पाळेमुळे आपल्या ओळखीची. फॉस्जीनमध्ये फॉस्फरसचा कणही नसतो. नावातला समान भाग फक्त उजेड.

असे प्रकाशाचे नाव लाभलेला वायू पहिल्या महायुद्धात माणसे मारायला वापरला गेला. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये १९८४च्या डिसेंबरात जो मिथाइल आयसोसायनेट सुटला, तोही फॉस्जीनपासूनच बनवला जात होता. फॉस्जीनला कुबट, कापून पडलेल्या गवतासारखा वास येतो असे त्याचे वर्णन करतात. धानाच्या मुलखात तणसाचे ढीग घरोघरी असतात. आमच्याकडच्या कोणाला त्या वासात धोका जाणवणे अवघड. या वायूची भीती खरी आहे, आणि पॉलिकार्बोनेटची रीत सुधारायला हवी असे म्हणणाऱ्यांच्या मनात ही भीती होती. डायक्लोरोमिथेन हाताळणे आणि या रीतीत उरणाऱ्या मिठाच्या पाण्याची विल्हेवाट लावणे ही कारणेही होतीच.

फॉस्जीन काढून टाकायचा तर कार्बोनेटचा तुकडा दुसऱ्या कोणी आणून द्यायला हवा. ते काम डायफिनाइल कार्बोनेट करते. हे नाव वाचून मराठी माणसाने थबकावे. यातला फिनाइल म्हणजे आपल्या घरातले फिनाईल. शाळेची, दवाखान्याची फरशी ज्याने पुसतात त्या काळ्या, पाण्यात पांढरे होणाऱ्या द्रवाचे नाव ज्या कुळातून आले, त्याच कुळातले हे. फिनॉल पहिल्यांदा मिळाले ते कोळशाच्या डांबरातून. १८३४ साली जर्मनीत रुंगेने ते वेगळे केले आणि त्याला कार्बोलिक आम्ल म्हटले: ‘कार्बो’ कोळशाचा, ‘ओल’ तेलाचा. कार्बोलिक साबणाचा तो वास मागच्या पिढीला चांगला आठवेल. कपड्यांत घालायच्या डांबरगोळ्याही त्याच डांबरातून निघाल्या, आणि त्यांचे मराठी नाव त्यांचा जन्म उघड सांगते. मग ‘फिन’ कुठून आले? कोळशापासून दिव्याचा गॅस काढत, त्या गॅसच्या तेलकट अवशेषात बेंझीन सापडे. फ्रेंच रसायनज्ञ लोराँ याने १८३०च्या दशकात ते दिव्याशी जोडले आणि ग्रीक ‘फाइनो’वरून, म्हणजे ‘उजळवणे’ यावरून, त्याला ‘फेन’ म्हटले. त्याचे पुढे फिनॉल, फिनाइल झाले. ‘फाइनो’ची धातू परत तीच: भा.

म्हणजे फॉस्जीन गेला तरी नावातला उजेड कारखान्यातून गेला नाही. एक भा बाहेर पडली, दुसरी आली, आणि ही दुसरी कोळशाच्या पोटातली. बिस्फिनॉलमध्येही ती आहेच. त्यातला ‘बिस्’ म्हणजे लॅटिनमध्ये दोनदा, संस्कृत ‘द्विस्’चा जुळा; दोनदा भाजलेले ते बिस्किट, दोन फिनॉल जोडलेले ते बिस्फिनॉल. शेवटचा ‘ए’ ॲसिटोनचा.

या दुसऱ्या रीतीत बिस्फिनॉल आणि डायफिनाइल कार्बोनेट एकत्र वितळवतात. साखळी जोडली जाते तसे फिनॉल सुटते, ते ओढून काढतात आणि पुन्हा डायफिनाइल कार्बोनेट करायला वापरता येते. द्रावक नको, मिठाचे पाणी नाही. अडचण शेवटी येते. साखळ्या लांबल्या की वितळलेला रस इतका दाट होतो की फिनॉल बाहेर पडायला धजत नाही. तापमान तीनशे अंशांकडे न्यावे लागते, आणि तेवढ्या उष्णतेत माल पिवळा पडतो. ज्या प्लॅस्टिकची सगळी किंमत त्याच्या नितळपणात आहे, त्याला पिवळी झाक म्हणजे तोटाच.

या अडचणीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सगळे जिला एनसीएल म्हणतात तिथे, मोलाचे काम झाले. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, १९८९ ते १९९५ तिचे संचालक होते. बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे, रसायन हा एस. शिवराम यांचा प्रांत. त्यांनी धरलेली वाट होती घन अवस्थेतल्या जोडणीची: साखळी आखूड असतानाच रस थंड करायचा, त्याचे दाणे करायचे, आणि पुढची वाढ दाणे न वितळवता, निर्वात जागेत किंवा वाहत्या नायट्रोजनमध्ये, दोनशे अंशांच्या आगेमागे घडवायची. दाणा घनच राहतो, त्याच्या पोटातून फिनॉल हळूहळू निघून जाते, साखळीची टोके एकमेकांना शोधतात. एनसीएलने यावर अमेरिकी पेटंटे घेतली. पॉलिकार्बोनेटच्या जगात तेव्हा जनरल इलेक्ट्रिकचा दबदबा होता, आणि तिचे लक्ष पुण्याकडे वळले ते या पेटंटांमुळे. माशेलकर आपल्या भाषणांतून ही हकीकत आवर्जून सांगतात, आणि तिचा धागा पुढे २००० साली बंगळुरूत उभ्या राहिलेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रापर्यंत नेतात. मराठी वाचकाला ही गोष्ट जितकी माहीत असायला हवी तितकी नाही, याची मला खंत आहे.

‘घन’ हा शब्द इथे नेमका बसतो. ‘हन्’ म्हणजे मारणे, त्यातून घन: ठोकायचे साधन, आणि ठोकून दाट झालेली वस्तू. लोहाराचा घण, आकाशातला मेघ, पाठ्यपुस्तकातला घनपदार्थ, गणितातला घन, सगळे त्याच एका धातूचे. ‘संघनन’ हा शब्दही तिथूनच.

पण घन दाणे तापवणे वाटते तितके सोपे नाही, आणि इथे आमच्या झाडीपट्टीतल्या एका जुन्या वस्तूची आठवण होते: लाख. पळसावर आणि कुसुमावर बारीक किडे रस पितात आणि अंगाभोवती ही राळ उभी करतात. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे. अमरकोशाने तिला राक्षा, लाक्षा, जतु अशी नावे दिली आणि शिवाय एक विलक्षण नाव दिले, ‘द्रुमामय’, म्हणजे झाडाचा आजार. राक्षा आणि लाक्षा यांतला र-लचा खेळ आमच्या ‘डोरा’ म्हणणाऱ्या बोलीला नवा नाही. जतुचा नातेवाईक लॅटिन ‘बिट्युमेन’, म्हणजे पुन्हा डांबर. एक लक्ष किडे म्हणून लाख ही व्युत्पत्ती सांगायला गोड आहे, पण आकड्याचा लाख ‘लक्षा’चा आणि झाडावरची लाख ‘लाक्षे’ची, दोघांची गाठ पडली ती मराठीत आल्यावर. याच लाखेला पर्याय शोधताना १९०७ साली बेकलंडने फिनॉलपासून बेकेलाइट केले, आणि तिथून माणसाने घडवलेल्या प्लॅस्टिकचा जमाना सुरू झाला. म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या कुळाचा एक पूर्वज परसाच्या फांदीवर बसलेला आहे.

लाखेचे दाणे उकाड्यात रचून ठेवले की एकमेकांना चिकटतात आणि त्यांची ढेप होते. आखूड साखळ्यांच्या पॉलिकार्बोनेटचेही तसेच. तो काचेसारखा असतो, आतली मांडणी विस्कळीत. तापला की दीडशे अंशांच्या आधीच मऊ होऊन गोळा बनतो. म्हणून आधी त्याचे स्फटिक करावे लागतात, उदाहरणार्थ ॲसिटोनसारख्या द्रावकाच्या स्पर्शाने. साखळ्या ओळीने लागल्या की दाणा दुधी दिसतो, पण उष्णता सोसतो, चिकटत नाही, आणि मग साखळी निवांत वाढू शकते. नितळ माल मिळवण्यासाठी त्याला मध्ये एकदा धुरकट व्हावे लागते. शेवटी वितळवून साच्यात ओतला की नितळपण परत येते.

‘पॉलिमर’ला विश्वकोशाने आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाने ‘बहुवारिक’ म्हटले आहे, आणि हा शब्द मला मूळ ग्रीकाहून सरस वाटतो. ग्रीकातला ‘मेरोस’ म्हणजे भाग. पॉलिमर म्हणजे पुष्कळ भागांचा. मराठीतला ‘वार’ म्हणजे खेप, पाळी; ‘वारंवार’मधला वार. तीच घटना पुन्हा पुन्हा घडली, हे बहुवारिक सांगतो, आणि साखळी खरोखर तशीच बनते: एक जोड, एक फिनॉल बाहेर, पुन्हा एक जोड. घन दाण्यात वाढायला ठेवलेल्या त्या आखूड साखळीला मग ‘अल्पवारिक’ म्हणता येते, आणि ऐकणाऱ्याला व्याख्या लागत नाही. चिमूरचा विद्यार्थी दहावीत बहुवारिक शिकतो आणि अकरावीला विज्ञान घेतले की इंग्रजीत तो हरवतो. हे मला बोचते, कारण पालाश टिकला तसा हाही टिकू शकला असता. त्याला फक्त पुढच्या वर्गाचे पोते मिळायला हवे होते.

रीत सुधारण्याचे काम पुण्यावर थांबले नाही. जपानच्या असाही कासेई कंपनीने फॉस्जीन अजिबात न वापरणारी रीत बसवली आणि २००२ साली ताइवानमध्ये वर्षाला ५०,००० टनांचा कारखाना सुरू केला. त्यात इथिलीन ऑक्साइडच्या कारखान्यातून वाया जाणारा कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यातून पायरीपायरीने डायफिनाइल कार्बोनेट करतात आणि ते बिस्फिनॉलला जोडतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्यांतून जो वायू आकाशात जातो, तोच हा, जुन्या मराठीत कर्बवायू. त्या कारखान्यात काय चालते हे जुन्या परिभाषेत दोन शब्दांत सांगता येते: कर्बवायूपासून बहुकर्बित.